गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणा!



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तिच्यात चळवळीच्या इतिहासावर तुम्ही काहीतरी लिहाच, असा मंडळाच्या पोरांनी आग्रह धरला. आम्ही काही नामवंत लेखक नाही. उभी हयात गिरणीच्या साचेखात्यात गेली. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, दिव्याखाली बसून वाचलं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात, ही विनंती.

इतिहास म्हटला की महाड, काळाराम, येवला, नागपूर ही नावं येतात, आणि ती आलीच पाहिजेत. पण खरं सांगायचं तर हा इतिहास आमच्या घरात पुस्तकातून आला नाही. आमच्या आईला अक्षर ओळखत नव्हतं. वडिलांना सही करता यायची आणि पगाराच्या पाकिटावरचा आकडा वाचता यायचा, एवढंच. तरीसुद्धा चवदार तळ्यावर काय घडलं ते आम्हाला शाळेत जाण्याआधीच ठाऊक होतं. ते कोणी सांगितलं? गाणाऱ्यांनी सांगितलं. म्हणून या लेखात आम्ही ज्यांनी इतिहास गाऊन सांगितला त्या लोककवी वामनदादा कर्डकांविषयी लिहिणार आहोत. आणि ते गेले तेव्हा आमचं काय झालं, आमच्या हातून काय हरवलं, तेही लपवून ठेवणार नाही.

पेपर थोड्यांनी वाचला, जलसा साऱ्यांनी ऐकला

परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' काढला. पण ज्या समाजासाठी हे पेपर निघाले, त्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरबंदी होती. गावात एखादा वाचणारा असला तर त्याच्याभोवती कोंडाळं करून बाकीचे ऐकत. पेपरातला विचार बिनअक्षरी माणसाच्या काळजापर्यंत न्यायचा कसा, हा मोठा प्रश्न होता.

त्याचं उत्तर जलशानं दिलं. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या समाजाचे जलसे गावोगाव फिरू लागले. लोकांना तमाशाचा बाज माहीत होता. त्याच बाजात देवाच्या गणाऐवजी आणि गवळणीच्या थट्टेऐवजी शिक्षणाचा, भटशाहीच्या फसवणुकीचा विषय आला. तोच धागा आपल्या लोकांनी उचलला आणि आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक, त्याचप्रमाणे केरूबुवा गायकवाड, पतितपावनदास अशी किती नावं घ्यावीत! ढोलकी, तुणतुणं, एखादी पेटी, रात्री एका गावात तर सकाळी दुसऱ्या गावाच्या वाटेवर. कुठे भाकरी मिळाली, कुठे दगड मिळाले. जलशाच्या एका गाण्यानं आपल्या दहा भाषणांइतकं काम होतं, असं बाबासाहेब म्हणत, ही आठवण जुनी माणसं अजून सांगतात.

इथे एक खुलासा केला पाहिजे. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक हे दोघे वेगळे. आडनाव एक, जिल्हाही एक, त्यामुळे आपली शिकलेली पोरंसुद्धा घोटाळा करतात. भीमराव हे जलशाच्या पहिल्या पिढीचे. वामनदादा त्यांच्यामागून आले आणि तो दिवा थेट आपल्या पिढीपर्यंत घेऊन आले.

पाट्या वाचत शिकलेला कवी

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी झाला. शाळा नाही, पाटी नाही. मुंबईत आले, मिळतील ती कष्टाची कामं केली, शिवडीला बीडीडी चाळीत राहिले, समता सैनिक दलात काम केलं. त्या काळची एक गोष्ट आम्ही वडिलांकडून शेकडो वेळा ऐकली. कोणीतरी त्यांच्यापुढे पत्र धरलं आणि एवढं वाचून दाखवा म्हणाला. वामनदादांना वाचता येईना. त्या दिवशी त्यांना रडू कोसळलं. मग वयाची लाज सोडून ते मुळाक्षरं शिकले, आणि रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचून वाचून जोडाक्षरं पक्की केली. ही गोष्ट सांगून झाली की वडील आमच्याकडे नुसते बघायचे. आम्ही मुकाट्यानं दप्तर उघडायचो.

१९४३ पासून ते गाणी लिहू लागले. तिथपासून साठ वर्षं ते गाणी लिहीत राहिले. हजारो गीतं लिहिली. 'वाटचाल', 'मोहळ', 'माझ्या जीवनाचं गाणं' अशी पुस्तकं निघाली, पण पुस्तकाबाहेर राहिलेली गाणी त्याहून जास्त. ती कोणाच्या वहीत, कोणाच्या कॅसेटीत, बहुतेक लोकांच्या तोंडात. त्यांची गाणी फक्त जयंतीपुरती नव्हती. देशातल्या धनात आमचा वाटा कुठे आहे, असं बड्या भांडवलदारांना नाव घेऊन विचारणारं गाणं त्यांनी लिहिलं. आम्हा गिरणी कामगारांना ते गाणं युनियनच्या भाषणापेक्षा लवकर कळलं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं तेव्हा समाज पोरका झाला. त्यानंतरची जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं या माणसानं खांद्याला पिशवी अडकवून गावोगाव फिरून रडणाऱ्याला उभं केलं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण आमचं पुढचं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. वामनदादांच्या बहुतेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येतं. तुकोबांच्या, कबीराच्या रचनेत नाव येतं तसंच. याला नाममुद्रा म्हणतात. ज्याच्याकडे छापखाना नाही, वकील नाही, त्याची मालकीची सही म्हणजे हे शेवटचं कडवं.

ती कॅसेट

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. १९९० चा एप्रिल ते १९९१ चा एप्रिल, सगळीकडे कार्यक्रमच कार्यक्रम. आमच्या वस्तीपासून जवळच एका मैदानात वामनदादांचा कार्यक्रम लागला. आम्ही तेव्हा बावीस वर्षांचे, गिरणीत नुकतेच बदलीवर लागलेलो. शेजाऱ्यांचा टू-इन-वन मागून आणला, नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घेतली. वडिलांनी दिवसपाळी करून आल्यावर जेवणही केलं नाही. पुढे जाऊन बसले, मांडीवर टेप घेतला.

त्या रात्री दादा वयानं अडुसष्टीच्या आसपास असतील. आवाज थकलेला, पण शब्द एकेक मोजून घ्यावा असा स्वच्छ. गाण्याच्या मधे थांबून समोरच्या माणसांकडे बघायचे आणि मग पुढची ओळ टाकायचे. एक बाजू संपली तेव्हा वडिलांनी अशी घाईनं कॅसेट उलटली की जणू साच्यात धागा तुटलाय. एका गाण्याच्या शेवटी ते स्वतःच मोठ्यानं ओरडले, "जयभीम, दादा!" तेही टेपमध्ये आलं. घरी ऐकताना तो आवाज आला की आई पदर तोंडाला लावून हसायची.

काही वर्षांनी वडील गेले. त्यानंतर घरात लग्न निघालं. वरातीसाठी सिनेमातली गाणी भरून घ्यायची होती, कोरी कॅसेट हाताशी नव्हती. ज्यांना हे माहीत नाही त्या मुलांसाठी सांगतो. कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन बारक्या टिकल्या असत. त्या मोडून टाकल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. आम्ही त्या मोडल्या नव्हत्या, आणि कॅसेटवर नावही लिहिलं नव्हतं. तेव्हा ती कोणती कॅसेट आहे हे न बघता आम्हीच ती टेपमध्ये घातली आणि आम्हीच लाल बटण दाबलं. दुसऱ्या कोणाला बोल लावण्याची सोय नाही.

दादा गेले तो दिवस

१५ मे २००४, शनिवार. दोनच दिवसांपूर्वी लोकसभेचे निकाल लागले होते. चाळीत, नाक्यावर, गिरणीच्या गेटवर सगळीकडे आता पंतप्रधान कोण, एवढीच चर्चा. नाशिकच्या मामांचा शेजारी फोन आला, वामनदादा गेले. आम्ही दुसऱ्या पाळीला निघालो होतो. नाशिकला जावं असं मनात आलं. पण खाडा पडला तर पगार कापला जाणार, घरात आजारपण. गेलो नाही. ही गोष्ट आजही टोचते.

साचेखात्यात जे राबले त्यांना ठाऊक आहे की तिथे माणसाचा आवाज माणसाला ऐकू जात नाही. बोलायचं तर ओठ वाचायचे, नाहीतर खुणा करायच्या. पण त्याचा एक फायदा होता. कितीही मोठ्यानं गा, कितीही मोठ्यानं रडा, कोणाला कळत नसे. त्या दिवशी आम्ही साच्यासमोर उभे राहून दादांचं ते गाणं म्हणायला लागलो, ज्याच्या शेवटी वडील ओरडले होते. पहिलं कडवं आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. शेवटच्या कडव्याची पहिली ओळ आली, आणि पुढची येईना. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. पुन्हा तिथेच अडलं. ज्या ओळीत वामनदादांचं नाव होतं, तीच आमच्या तोंडातून गेली होती.

रात्री बाराला सुटलो, घरी येऊन पत्र्याची पेटी उपसली. ती कॅसेट सापडली. लावली. बँडबाजा आणि सिनेमाची गाणी. दोन्ही बाजू संपेपर्यंत ऐकली, वाटलं कुठेतरी शेवटी चार शब्द राहिले असतील. काही राहिलं नव्हतं. दादा गेले, वडिलांचा आवाज गेला, आणि दोन्ही आपल्याच हातानं गेले. वडील वारले तेव्हा आम्ही मोठा मुलगा म्हणून डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. त्या रात्री मात्र ते थांबेना.

त्यातून सावरतो न सावरतो तोच २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. एकोणचाळीस दिवसांत दोन आवाज. प्रल्हाददादांचा तो धारदार, चढा गळा! लाऊडस्पीकर दोन गल्ल्या पलीकडे असला तरी कोण गातंय ते सांगावं लागत नसे. त्यांनी भीमगीतं गायली, कव्वाल्या गायल्या, आणि विठ्ठलाची गाणीही गायली. आम्ही तरुणपणी फार कडक. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ही कॅसेट वाजता कामा नये, म्हणून आम्ही आईच्या हातून ती काढून घेतली होती. प्रतिज्ञा आम्हाला आजही तितक्याच प्यारा आहेत, त्यात तडजोड नाही. पण गाणाऱ्याच्या घरी चूल कशावर पेटते, याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती. रात्रभर त्याच्याकडून गाऊन घ्यायचं, पहाटे हातावर प्रवासखर्चही नीट ठेवायचा नाही, आणि वर त्याला तत्त्व शिकवायचं, हा न्याय नव्हे. कलावंताला आपण टाळ्या दिल्या. त्याचं घर चालेल एवढं किती वेळा दिलं, याचा हिशोब प्रत्येक मंडळानं आपापल्या वहीत बघावा.

राजगृहाची संगीती

आता कोणी म्हणेल, बौद्ध माणसानं इतका शोक का करावा? जे जन्मलं ते जाणार, हे तथागतांनीच सांगितलं. खरं आहे. पण कुसिनाऱ्याला भगवंतांचा अंतकाळ जवळ आला तेव्हा आनंद दाराशी उभा राहून रडला होता. भगवंतांनी त्याला जवळ बोलावून घेतलं, अनित्यता समजावली, आणि त्यानं केलेल्या सेवेची स्तुतीही केली. रडणं हा धम्मात गुन्हा नाही. रडून झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न आहे.

तेव्हा भिक्खूंनी काय केलं ते बघा. महापरिनिर्वाणानंतर महाकाश्यपांच्या पुढाकारानं राजगृहाला पाचशे भिक्खू जमले. त्या सभेला 'संगीती' म्हणतात. शब्दातच अर्थ आहे, मिळून गाणं, मिळून म्हणणं. विनय कोणी सांगितला? उपालीनं, जो जन्मानं न्हावी होता. धम्म कोणी सांगितला? ज्याच्या डोळ्यांतलं पाणी सर्वांनी पाहिलं होतं त्या आनंदानं. महाकाश्यप विचारत होते, हे भगवंत कुठे बोलले, कोणाला उद्देशून बोलले? आणि उत्तर नाव-गावासकट येत होतं. म्हणून आजही सुत्ताच्या सुरुवातीला आपण हे असं ऐकलं असं सांगून ठिकाण सांगितलेलं असतं. पुढे काही शतकं धम्म असाच तोंडातोंडी राहिला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात तो लिहिला गेला. पाचशे जणांनी मिळून म्हटलं नसतं तर आपल्या हाती काय आलं असतं?

आमच्या मते शोकाची बौद्ध रीत ही आहे. आनंद रडला आणि मग त्यानं ऐकलेलं सगळं नाव-गावासकट सांगितलं. आम्ही फक्त रडलो.

यात व्यक्तिपूजा नको, असं आमचे एक ज्येष्ठ सहकारी बजावतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. फोटोला हार घालून वामनदादा जिवंत राहणार नाहीत. पण नाव घेणं आणि पूजा करणं यात फरक आहे. आपल्या आज्या-पणज्यांची नावं कोणत्याही बखरीत नाहीत, कारण लिहिणारे दुसरे होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. त्यात आपल्या मायमाउल्यांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. बाहेरच्यांनी एवढं केलं, तर घरच्यांनी किती करायला हवं?

आणि आपण काय करतो? जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लागतो. दोन कडवी झाली की वरून ठोका येतो आणि दुसरं गाणं सुरू. शेवटचं कडवं कधी येतच नाही. मागच्या एका जयंतीला आमच्या शेजारच्या पोरानं विचारलं, "काका, हे गाणं कोणाचं?" आम्ही म्हटलं, तूच सांग. तो म्हणाला, "डीजेवाल्याचं!" आम्ही त्याला काय बोलणार? आम्ही लाल बटण दाबलं होतं, तो मोबाईलचं बटण दाबतो.

एक ओळ परत आली

२०२२ साली वामनदादांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. आपल्या विहारात पंधरा-वीस माणसं जमली. वंदना झाल्यावर आम्ही उठलो आणि ते गाणं म्हणायला लागलो. शेवटच्या कडव्याशी आलो आणि अडलो. सगळ्यांसमोर सांगितलं, पुढची ओळ आम्हाला येत नाही, ती आमच्याच हातून पुसली गेली आहे.

तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी, ज्यांना आजही सही करता येत नाही, बसल्या जागेवरून ती ओळ म्हटली. ठसक्यात, 'वामन' या नावासकट. पुढची ओळही म्हटली. आम्ही विचारलं, "आजी, कुठे ऐकलं?" त्या म्हणाल्या, "तिथंच की, त्या मैदानात. तुझा बाप माझ्या म्होरं बसला व्हता. मोठ्यानं वरडला, जयभीम दादा म्हनून." अठरा वर्षं जी ओळ आम्ही कॅसेटीत शोधत होतो, ती आमच्यापासून चार घरं सोडून होती.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्तानं आमची हात जोडून विनंती आहे. दर पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात एक गीत पूर्ण म्हणावं, शेवटच्या कडव्यापर्यंत. म्हणण्याआधी कवीचं नाव आणि गाव सांगावं. ज्यांच्या माळ्यावर जुन्या कॅसेटी असतील त्यांनी त्या विहारात आणाव्यात. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर घरच्या टेपवर लावू नये, आधी जाणकाराला दाखवावी. मागच्या टिकल्या मात्र आजच मोडाव्यात. आणि ज्यांच्या घरात म्हाताऱ्या आई-आजी आहेत, त्यांनी मोबाईल त्यांच्यासमोर धरावा, गाणारीचं नाव आधी बोलावं आणि मग गाऊ द्यावं. वहीत लिहूनही ठेवावं, कारण मोबाईल बदलला जातो.

आजींनी सांगितलेलं ते कडवं आम्ही विहाराच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. त्याखाली कवीचं नाव आहे, आजींचं नाव आहे, आणि ज्यांच्या मांडीवर टेप होता त्या आमच्या वडिलांचंही नाव आहे. पुढची पानं कोरी आहेत. ती आपण सर्वांनी मिळून भरायची आहेत.

लोककवी वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे आणि नावानिशी व बिननावानं गाऊन गेलेल्या सर्व शाहिरांना विनम्र अभिवादन!

जयभीम! नमो बुद्धाय!